कान झाकून मुरूमपर्यंत

वीरेश, माझा नवरा, मंगळवारी गेला. सकाळी त्याने चहा घेतला, पेपर वाचला आणि खुर्चीतून उठताना तो खाली बसला. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि बाहेर येऊन मला सांगितलं. त्याने देहदान केलं होतं. दुपारी वैद्यकीय महाविद्यालयाची गाडी आली. त्याला गाडीत ठेवण्याआधी मी त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून घेतलं. गाडी गेली. मी घरी आले.

त्यानंतर आमच्या पुण्याच्या घरी माणसं येऊ लागली. दारातून आत येणारा प्रत्येक जण विचारायचा, ‘असं कसं झालं?’ आणि मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायची. एका संध्याकाळी सांगता सांगता मी उठले, टेबलावरचे इअरफोन घेतले, कानात घातले आणि परत येऊन बसले.

हे इअरफोन वीरेशने आणलेले. शेजारची इमारत पाडत होते आणि मला वाचता येत नव्हतं. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, घरीही वाचतच बसते. इअरफोनना रबराच्या टोप्या आहेत, त्या कानात घट्ट बसतात आणि बाहेरचं सगळं बंद होतं. पण दांडीवर बोट दाबून धरलं की बाहेरच्या अंगाचे बारीक माइक चालू होतात आणि आजूबाजूचे आवाज आत सोडतात. कान झाकलेले राहतात आणि ऐकू मात्र येतं. मी त्यात गाणी लावत नाही. काहीच लावत नाही.

असं ऐकलेलं जग थोडं वेगळं असतं. ताटं, बांगड्या, किल्ल्या, सायकलची घंटा हे पुढे येऊन उभे राहतात. ट्रकसारखे जाड आवाज मागे थांबतात. वारा असला तर कानात कुणी कागद चुरगाळल्यासारखं होतं. स्वतःचं बोलणं आडातून वर आल्यासारखं वाटतं. आणि सगळं एक पाऊल लांब असतं. तेवढं एक पाऊल मला हवं होतं. महिनाभराने केलेल्या चार दिवसांच्या प्रवासात ज्यांनी ज्यांनी मला ‘काढ ते’ म्हणून सांगितलं त्यांना दिलेलं उत्तर इथेही आधीच देऊन ठेवते. काढणार नाही, आणि मला ऐकू येतं.

प्रवासाचं कारण असं झालं. वीरेश मुरूमचा, लिंगायत घरातला. त्यांच्यात मूल जन्मलं की त्याला लिंग बांधतात, आणि माणूस गेला की त्याला बसवून, तेच लिंग त्याच्या हातात देऊन मातीत ठेवतात. जाळत नाहीत. वीरेशच्या बाबतीत मातीत ठेवायला देहच नव्हता. महिनाभराने मुरूमहून माझ्या जाऊबाईंचा, शैलाक्कांचा, फोन आला. त्यांच्या मागे माझे थोरले दीर उभे असणार हे कळत होतं, कारण प्रत्येक वाक्याआधी त्या थांबत होत्या. आमच्या सासरी थोरला दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अण्णांनी मला उद्देशून कधी एक शब्द उच्चारला नव्हता. मी समोर बसलेली असताना ते भिंतीकडे बघून म्हणायचे, ‘मेधाला चहा द्या.’

शैलाक्का म्हणाल्या, ‘अण्णा म्हणतेत, देह तर तुमी परस्पर देऊन टाकलात. आता त्याचं लिंग तरी घेऊन या. आप्पांच्या समाधीशेजारी ठेवू.’ आप्पा म्हणजे माझे गेलेले सासरे.

‘येते,’ मी म्हणाले. देते असं म्हणाले नाही.

येरमाळा, शुक्रवार

वाटेत येरमाळ्याला मावशीकडे उतरणं भाग होतं. माझं माहेर त्याच बाजूचं, आणि आमच्याकडे माणूस गेलेल्या घरातल्या लेकीला नातेवाईक बोलावून घेतात, जेवू घालतात, साडी नेसवतात. त्याला दुखवटा काढणं म्हणतात. मावशीने तीन वेळा निरोप धाडला होता.

बार्शीवरून येणारी बस हमरस्त्यावर सोडते. चहाच्या टपऱ्या, टायरची दुकानं, केळ्यांचे गाडे, आणि मागे येडेश्वरीचा डोंगर. चैत्रातल्या यात्रेला माणसं इथे रानातून चुनखडी वेचून आणतात आणि देवीचं देऊळ तिनेच पांढरं करतात. आता पौष होता. रानात ज्वारी कमरेच्या वर आलेली आणि डोंगराकडे जाणारा रस्ता रिकामा होता. मी चढून गेले नाही. मावशी म्हणाली, ‘या वर्षी न्हाय जायचं आपुन. आई कुठं पळून चाललीय व्हय.’

मावशीच्या घरी मी सोप्यात सतरंजीवर बसले आणि बायका येऊ लागल्या. पुण्यात माणसं हळू आवाजात विचारतात. येरमाळ्यात बाई गल्लीच्या तोंडालाच सूर लावते, रडत रडत दारापर्यंत येते आणि गळ्यात पडते. गेलेल्याला नावानिशी हाक मारते, ‘माझ्या लेकीला कुठं सोडून गेलास’ म्हणून जाब विचारते. लहानपणी मी हे फार पाहिलं होतं. मला त्यात खोटं काही वाटत नाही. रडणं हेही एक काम आहे आणि ते त्या मिळून उरकतात. पण लहानपणी मला त्यातलं एकच काही ऐकू यायचं, मोठा आवाज. या वेळी ते बारीक माइक मोठा आवाज दाबून धरत होते आणि बारीकसारीक सगळं आत घेत होते. खांद्यावर डोकं ठेवून रडणाऱ्या एका बाईने दोन हुंदक्यांच्या मधे पलीकडच्या बाईला विचारलं, ‘म्हस व्याली का गं तुमची?’ पलीकडची रडत रडतच म्हणाली, ‘व्याली की. रेडा झाला.’ मग दोघींनी पुन्हा सूर धरला.

मला हसू आलं. ते मी आवरलं नाही. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

शेजारच्या कौसाकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या आवाज न उतरवता म्हणाल्या, ‘कानात गानी लावून बसलीय. नवऱ्याला जाऊन आत्ता कुठं महिना झालाय.’

‘तिला काय ऐकू जातंय आता,’ दुसरी म्हणाली. ‘लई शिकल्यालं असंच असतंय.’

‘गाणी नाहीत, काकू,’ मी म्हणाले. ‘आणि ऐकू येतंय.’

‘मग काढ की ते.’

‘नाही काढत.’

‘लोक काय म्हनतील?’

‘तेच ऐकतेय ना मी.’

कौसाकाकूंनी मावशीकडे पाहिलं. मावशी चुलीपुढे भाकऱ्या थापत होती, ती तिथूनच बोलली. ‘कौसे, माझा सासरा मेला तवा म्या हनवटीपतुर पदर घेऊन तीन दिस बसले हुते. सगळ्या म्हनल्या, किती दुःख झालंय सुनंला. आतमंदी म्या पेंगत हुते. हिला पदर न्हाय, ही बोळे घालती. आपलं काय जातंय?’

‘तू पेंगत हुतीस?’ काकूंनी विचारलं.

‘तर काय. जिता हुता तवा झोपू दिलं व्हतं का त्यानं?’

मग मात्र सगळ्याच हसल्या, पदर तोंडाला लावून. जेवायला पिठलं, ज्वारीची भाकरी, हिरवा ठेचा आणि चुलीवरची वांगी होती. इअरफोन घालून जेवणं सोपं नसतं. कान बंद असले की आपलंच चावणं डोक्यात घुमतं आणि शेजारचं बोलणं त्याखाली बुडून जातं. घास गिळेपर्यंत मी कुणालाच उत्तर देत नव्हते. त्याचाही अर्थ काहींनी आपापल्या परीने काढला असेल.

संध्याकाळी मावशीने साडी नेसवली. कौसाकाकूंना वाटलं होतं पांढरट असेल. ती निळी होती, जांभळ्या काठाची. ‘असलीच घेणार म्या,’ मावशी म्हणाली. मग माझ्याजवळ सरकून तिने विचारलं, ‘मुरूमला ते मागनार हायेत म्हनं तुझ्याकडं. देनार हायेस?’

‘नाही.’

‘त्यांच्यात त्याबिगर माणसाला गत न्हाय म्हनतेत.’

‘मावशी, त्याने सगळं अंग देऊन टाकलं आणि मी सही केली. डोळे, हात, सगळं. मी काहीही धरून ठेवलं नाही. त्याच्या छातीला लागलेलं हे एवढंच राहिलंय.’

मावशीने माझ्या कमरेच्या बटव्यावर हात ठेवला. चांदीच्या डबीतलं ते लिंग मी कुर्त्याच्या खिशात ठेवत असे, आणि साडी नेसल्यावर कमरेला खोचलेल्या बटव्यात. ‘मग नगं देऊस,’ ती म्हणाली. ‘पर म्हातारीला तोंडावर सांग. मधी मानूस घालू नगं.’

म्हातारी म्हणजे माझी सासू. त्या घरात तिला सगळे अव्वा म्हणतात.

तेर, शनिवार

तेरला माझं काही काम नव्हतं. मुरूमला जाताना वीरेश दर वेळी म्हणायचा, एकदा तेरला उतरू, आणि दर वेळी आम्ही पुढे निघून जायचो. या वेळी मी उतरले.

तेर मोठं गाव आहे. तेरणेच्या काठी शेतं, शेतांमधे पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडं, आणि त्या टेकाडांतून निघालेल्या जुन्या वस्तू संग्रहालयात मांडलेल्या. मणी, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या. कुणाच्या तरी हातातल्या असतील, कुणी गेल्यावर काढून ठेवलेल्या असतील. त्या बांगड्या मागायला आता कुणी येत नाही, हे मला बरं वाटलं. विटांच्या जुन्या देवळात गेले तेव्हा तिथे मी एकटीच होते. इअरफोन पूर्ण बंद करून पाहिले. माझाच श्वास ऐकू येऊ लागला. मग दांडी दाबली, आणि पारवे, लांबवर पाण्याची मोटार, कुणीतरी भांडी घासत असलेलं, असं सगळं एकदम आत आलं. बंद करायचं की उघडं ठेवायचं हे माझ्या बोटावर होतं. गेल्या महिनाभरात बाकी काहीच माझ्या हातात राहिलं नव्हतं.

दुपारी धाराशिवची बस धरायला स्टँडवर आले. बाकावर एक वयस्क शेतकरी बसले होते, धोतर, पांढरी टोपी, आणि कानामागे तपकिरी रंगाचं श्रवणयंत्र. माझ्या कानांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

‘दोन्ही गेले व्हय तुमचे?’ त्यांनी विचारलं.

‘काय?’

‘कान.’

‘नाही. चांगले आहेत.’

‘मग कशापायी?’

खरं काय ते मी सांगितलं. माणसं फार बोलतात, नवरा गेलाय, थोडं लांबून ऐकावंसं वाटतं. ते मान हलवत ऐकत होते. ‘माझं उलटं हाय,’ ते म्हणाले. ‘मला ऐकू यावं म्हनून लेकानं हे आनलं. पर घरी सुना भांडाया लागल्या की म्या हे काढून खिशात टाकतो. त्या म्हनत्यात, आप्पा, तुमीच न्याय करा. म्या म्हनतो, काय म्हनलात?’

‘आणि त्यांना कळत नाही?’

‘कळतंय की. पर म्हाताऱ्याच्या खिशात हात कोन घालतंय?’

बस यायला वेळ होता म्हणून मी जरा नदीकडे चालत गेले. काठावर हरभऱ्याचं रान होतं. तिथे उभी असताना कानात बारीक टुक असा आवाज झाला आणि सगळं बंद पडलं. चार्जिंग संपलं होतं. आता कानात नुसते बोळे राहिले. काढावेत असा विचार मनात आला. काढले नाहीत. त्या शांततेत हरभऱ्याचं रान फार छान दिसत होतं, आणि मी ते बघत उभी राहिले.

खांद्यावर हात पडला तेव्हा दचकले. बसचा कंडक्टर धापा टाकत मागे उभा होता, आणि त्याच्या मागे, स्टँडपाशी, बस थांबलेली. मी एक इअरफोन काढला. बाकावरचे ते शेतकरी आप्पा बसच्या पत्र्यावर काठी बडवत होते.

‘आवो बाई, किती हाका मारल्या,’ कंडक्टर म्हणाला. ‘ते म्हातारं गाडी सोडू देईना. बाई बहिरी हाय म्हनतंय.’

बसमधे आप्पांनी शेजारी जागा धरली होती. ‘मला वाटलं माझंच यंत्र खराब हाय,’ ते म्हणाले. ‘तुमच्यानं तर बसबी ऐकू येत न्हाय.’

‘चार्जिंग संपलं.’

‘त्येच की. म्या म्हनलो या बाईचं दुकान बंद झालं.’ आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात ते हसले. चालत्या बसच्या धक्क्यांत मी दुसराही इअरफोन काढून इअरफोनच्या केसमधे ठेवला, कारण ते त्यातच चार्ज होतात. धाराशिव येईपर्यंत मी उघड्या कानांनी बसले होते. पत्रा, खिडक्या, गिअर, पुढच्या बाकावरचं रडणारं मूल. उतरताना आप्पांनी विचारलं, ‘आता कुठं?’

‘मुरूमला.’

‘मंग चार्ज करून घ्या,’ ते म्हणाले. ‘मुरूमचे लोक लई बोलत्यात.’

मुरूम, रविवार आणि सोमवार

मुरूम बाजाराचं गाव आहे. तुरीची पोती, आडतीची दुकानं, आणि दोन भाषा. भाव मराठीत विचारायचा आणि घासाघीस कानडीत करायची. आमच्या घरात आपापसात कानडी बोलतात. मी ती स्वयंपाकघरात ऐकून ऐकून शिकले, पण बोलले फार कमी, कारण माझे उच्चार ऐकून पोरं हसायची. इथून पुढचं त्यांचं कानडी बोलणं मी मराठीत लिहिते.

दारात शैलाक्का गळ्यात पडल्या. इथलं रडणं वेगळं, बिनआवाजाचं. अव्वा सोप्याच्या कोपऱ्यात सुपात शेंगा फोडत बसली होती. तिने वर पाहिलं, माझ्या चेहऱ्याला हात लावला आणि ‘बस’ म्हणाली. तिचं बोलणं नेहमीच एवढंच असतं. मी बसले. फुटणाऱ्या शेंगांचा आवाज माझ्या कानात अगदी जवळ येत होता, टक् टक्, इतका स्वच्छ की त्याच्यावर लक्ष ठेवून बसता येत होतं.

जेवायला कडक भाकरी होती. मुरूमकडची ज्वारीची कडक भाकरी महिनाभर टिकते आणि पापडासारखी मोडते. सोबत शेंगाचटणी, भरली वांगी आणि दही. कान झाकून कडक भाकरी खाणं म्हणजे डोक्यात कुणी खडी फोडतंय असं वाटतं. तीन घास खाल्ले आणि चौथा दह्यात भिजवून घेतला. शैलाक्कांनी मराठीत विचारलं, ‘आवडली न्हाय व्हय?’ मी म्हणाले, ‘आवडली. आवाज फार होतो.’ त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी भिंतीकडे.

दुपारनंतर मी खांबाला टेकून मांडीवर पुस्तक उघडलं. स्वामी आले. आमच्या घराचे विधी तेच करतात. पिकल्या दाढीचे, पोट पुढे आलेले, तोंडात कायम सुपारी. अण्णा, शैलाक्का आणि ते माझ्यापासून दोन हातांवर बसले आणि बोलू लागले. या घरात माझ्यासमोर माझ्याविषयी बोलण्याची रीत जुनीच होती. त्यात आता माझे कान झाकलेले, म्हणून तेवढाही संकोच राहिला नव्हता.

‘खड्डा झालाय,’ अण्णा म्हणाले. ‘आप्पांच्या शेजारी. बेल, विभूती, सगळं आणलंय. उद्या सकाळी विधी, दुपारी जेवण. दीडशे पानांची हुग्गी सांगितलीय.’

‘आणि लिंग?’ स्वामींनी विचारलं.

‘ते तिच्याकडं.’

‘ती देते म्हणाली?’

शैलाक्का म्हणाल्या, ‘येते म्हणाल्या. आल्यात म्हणजे देणारच की.’

‘तिला विचारा अगोदर.’

‘मी कसं विचारू?’ अण्णा म्हणाले.

त्यांचा तो प्रश्न खरा होता. खड्डा खणून झाला, हुग्गीच्या खिरीचा गहू भिजत पडला, गावाला निरोप गेले, आणि ज्या बाईकडे ती वस्तू होती तिला कुणी विचारलंच नव्हतं. विचारायचं तर माझ्याशी बोलावं लागणार होतं.

‘पिशवीतच असंल,’ शैलाक्का म्हणाल्या. ‘सकाळी त्या अंघोळीला गेल्या की मी काढून घेते. विधी झाल्यावर कळलं तर कळलं. त्यांचं लक्ष कुठं आहे? कानात बोळे घालून बसल्यात.’

स्वामींनी सुपारी चघळायची थांबवली. ‘चोरून आणलेलं लिंग मी हातात धरणार नाही,’ ते म्हणाले.

मी पुस्तक मिटलं. माझे उच्चार वाईट आहेत हे मला माहीत होतं. तरी कानडीतच म्हणाले, ‘ननग केळस्तद.’ मला ऐकू येतंय.

शैलाक्कांचा हात तोंडावर गेला. कोपऱ्यातला शेंगांचा आवाज थांबला.

‘अण्णा,’ मी म्हणाले, आणि भिंतीकडे नाही, त्यांच्याकडे बघून म्हणाले. पुढचं मराठीत, कारण तेवढी कानडी मला येत नाही. ‘पिशवीत नाही. माझ्याजवळ आहे. आणि मी ते देणार नाही. हुग्गी करा, लोकांना जेवू घाला, मी वाढायला उभी राहते. लोकांनी विचारलं तर सांगा, मेधाने दिलं नाही. माझं नाव घ्या.’

अण्णा उठले. चपला पायात सरकवताना ते दरवाजाला म्हणाले, ‘तिला सांगा, गावात राहायचं आम्हाला आहे.’

कुणी मला ते सांगितलं नाही. मी ऐकलंच होतं. स्वामी जाताना माझ्यासमोर थांबले आणि आपल्या कानाला बोट लावून म्हणाले, ‘चांगलं यंत्र आहे. मठात लोक गाऱ्हाणी सांगायला येतात तेव्हा मला उपयोगी पडेल.’

सोमवारी सकाळी अव्वा म्हणाली, ‘चल.’ आम्ही दोघी शेतात गेलो. गावाला लागूनच आहे. तुरी कापून झालेल्या, ज्वारी उभी, आणि बांधाजवळ बेलाच्या झाडाखाली आप्पांची समाधी. शेजारी चौकोनी खड्डा, बाजूला मातीचा ढीग. दोन गडी ज्वारीच्या कडेला बसून विड्या ओढत होते. अव्वा समाधीच्या कट्ट्यावर टेकली. मी खाली बसले.

‘मला तोंड दावलं न्हाय तुमी त्याचं,’ ती मराठीत म्हणाली.

‘उशीर झाला असता तर त्यांनी घेतलं नसतं, अव्वा. त्याला ते चाललं नसतं.’

‘म्हाईत हाय. मला बी सांगितलं हुतं त्यानं. म्या नगं म्हनले. कुनाचं ऐकत हुता तो?’ तिने कट्ट्यावर पडलेली बेलाची पानं बाजूला केली. ‘तितं पोरं काय करत्यात त्याचं?’

‘शिकतात. डॉक्टर होणारी पोरं.’

‘शिकवायला आवडायचं त्याला,’ ती म्हणाली. वीरेश जीवशास्त्र शिकवायचा. मग तिने माझ्या कानाकडे बोट केलं. ‘ह्यात काय ऐकतीस?’

मी दोन्ही काढून, पुसून तिच्या कानात बसवले आणि दांडी दाबली. तिने डोळे मोठे केले. ‘पाखरं एवढी हायती व्हय इथं?’ मग ज्वारीकडे वळून ऐकत राहिली. गडी बोलत होते. त्यांचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, तिला येत होतं. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. थोड्या वेळाने तिने हात हलवला. ‘बंद करायचं हाय का ह्येला?’

मी पुन्हा दांडी दाबली. आता तिला काही ऐकू येत नसणार. ती हात मांडीवर ठेवून, खड्ड्याकडे बघत बसली. महिनाभर त्या घरात भेटायला येणारे येत होते, आणि प्रत्येक जण तिला विचारत होता की सुनेने असं कसं केलं. मी तिला उठवलं नाही. ऊन बेलाखालून सरकून तिच्या पायांवर आलं तेव्हा तिने स्वतःच ते कानातून काढले आणि माझ्या हातात दिले.

‘ह्ये बरं हाय,’ ती म्हणाली. ‘ते उघडं नगं. लोक लई घाण बोलत्यात.’

मी बटव्यातून डबी काढली आणि आमच्या दोघींच्या मधे कट्ट्यावर ठेवली. ‘अव्वा, हे तुम्ही बांधलं होतं त्याला. तुम्ही मागा. तुम्ही मागितलं तर मी देईन. अण्णांना देणार नाही, गावाला देणार नाही.’

तिने डबी उचलली, उघडली नाही. अंगठा तिच्या कडेवरून फिरवत राहिली. छातीला घासून घासून ती कड गुळगुळीत झालेली आहे.

‘मोकळ्या खड्ड्यात काय घालायचं,’ ती म्हणाली. ‘तितं बसायला मानूस पायजे. धरायला हात पायजे.’ मग तिने स्वतःच्या गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. ‘मला बसवत्याल तवा माझं लिंग एका हातात देत्याल. दुसरा हात रिकामा असतोय. त्यात घाल. तवर तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे. पर तूच घाल. दुसऱ्या कुनाच्या हातानं नगं.’

तिने डबी मला परत दिली आणि गड्यांना हाक मारली. ‘बुजवा रे ह्यो.’

‘अण्णा काय म्हनतील, अव्वा?’ एकाने विचारलं.

‘म्या सांगते त्येला. माती दाबू नगासा लई. माझ्या येळंला खनायला सोपं जाईल.’

दुपारी दीडशे पानं उठली. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वरून तुपाची धार. मी वाढायला होते, निळ्या साडीत, कान झाकलेले. ‘ते काढा की आता’ असं तीन पंगतींत तिघांनी सांगितलं. तिघांनाही मी जास्तीची हुग्गी वाढली आणि काढले नाहीत. समाधी झाली नाही म्हणून दोन घरं न जेवताच गेली. ती उठून निघाली तेव्हा अण्णा दारात हात जोडून उभे होते. ते मी पाहिलं. वाईट वाटलं, पण माझं मत त्याने बदललं नाही.

संध्याकाळी मी निघाले तेव्हा अण्णा बस स्टँडपर्यंत पिशवी घेऊन आले, चार पावलं पुढे चालत. पिशवी बाकावर ठेवली. मी मधे कुणी आहे का म्हणून पाहिलं. कुणीच नव्हतं.

‘मेधा,’ ते म्हणाले. माझ्याकडेच बघत होते. ‘अव्वानं सांगितलं मला. आमच्यात मातीला जास्त वेळ थांबत नाहीत. फोन आला की लगेच निघावं लागेल.’

‘निघेन.’

‘पुणं लांब आहे.’

‘निघेन, अण्णा.’

त्यांनी मान हलवली आणि बस येईपर्यंत उभे राहिले. मी इअरफोन काढले नाहीत. त्यांनीही काढायला सांगितलं नाही.

पुण्याला येऊन मला आता दोन महिने झाले. वीरेशचा देह वैद्यकीय महाविद्यालयात आहे. त्याचं लिंग माझ्या टेबलावर आहे. अव्वा मुरूमला आहे. फोन आला की मला निघायचं आहे.